निर्वासित वृद्धांची मुदतवाढ

घरांतल्या सत्तरी उलटलेल्या आजीच्या हातीं परक्या लिपीची पाटी देऊन कोणी म्हटलें कीं, ‘सात वर्षांत परीक्षा द्या, नाहीं तर निर्वाहाचा पैसा बंद’, तर आम्हांस तें क्रौर्यच वाटेल. अमेरिकेंत आश्रय मिळालेल्या निर्धन वृद्ध व अपंग निर्वासितांवर अशीच पाळी आली.

त्या देशांत ६५ वर्षांवरील, आंधळ्या वा अपंग गरिबांस मध्यवर्ती सरकार १९७४ पासून दरमहा निर्वाहवेतन देत आलें आहे. २००८ सालीं एकट्या माणसास तें जास्तींत जास्त ६३७ डॉलर होतें. १९९६ च्या कायद्यानें परदेशीयांचा हा हक्क बव्हंशीं काढून घेतला. निर्वासितांस तेवढी पांच वर्षांची सवलत ठेवली; ती १९९७ सालीं सात वर्षांवर नेली. तितक्या अवधींत त्यांनीं नागरिक व्हावें, अशी कल्पना.

कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु नागरिकत्वास पांच वर्षांचें वास्तव्य लागतें. म्हणजे अर्ज, चौकशी व परीक्षा यांस दोनच वर्षें उरलीं. देशांत पोंचल्यावर आश्रय मागणारांस तर कायम वास्तव्याचे परवानेच २००५ पर्यंत वर्षाकाठीं दहा हजारांहून अधिक मिळत नसत. त्यांची वर्षें रांगेंतच सरत. इंग्रजीची सूट वृद्धांस आहे खरी, पण पंचावन्न वर्षांच्या माणसानें पंधरा वर्षें परवान्यावर काढलेलीं असावीं लागतात! सातव्या वर्षीं ज्याचें वेतन तुटतें, त्यास पंधराव्या वर्षींची सूट काय कामाची? व्यंगामुळें शिकतां येत नसेल तर वैद्याच्या दाखल्यावर माफी मिळते. नुसतें म्हातारपण त्यांत बसत नाहीं.

अखेर ३० सप्टेंबर २००८ रोजीं अध्यक्ष बुश यांनीं सही केलेल्या कायद्यानें ही मुदत कांहीं अटींवर दोन वर्षांनीं वाढली. नागरिकत्वाचा अर्ज पडून असल्यास तीन. ज्यांचें वेतन आधींच तुटलें होतें त्यांसहि लाभ मिळाला. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीं बेकारीभत्ता लबाडीनें उकळणारांचा करपरतावा अडवून वसुली करण्याची तजवीज त्याच कायद्यांत होती. ही युक्ति आम्हांस आवडली.

मात्र ही वाढ ३० सप्टेंबर २०११ रोजीं संपली आणि सात वर्षांची जुनी मर्यादा परत आली. नेपाळांतील छावण्यांत जवळजवळ दीड तप काढलेले भूतानी निर्वासित २००८ पासून अमेरिकेंत जाऊं लागले होते. त्यांच्या वृद्धांचीं सात वर्षें भरूं लागलीं तीं २०१५ सालीं. त्यांची भाषा नेपाळी, लिपि आमचीच देवनागरी. पण त्या म्हाताऱ्यांपैकीं अनेकांस तीहि वाचतां येत नव्हती.