कडू साल, पांढरा चीक

आषाढ अमावास्येच्या पहाटे उपाशीपोटी सातविणीच्या सालीचा रस पिण्याचा प्रघात मालवणच्या आमच्या घरी आजीच्या हयातीपर्यंत अव्याहत चालू होता. पाट्यावर ठेचलेल्या ओल्या सालीत लसूण, मिरी आणि ओवा घालून ती रस गाळी, चुलीत लाल केलेली गार त्यात टाकी, आणि चर्र आवाज विरण्याआधीच पेला आमच्या तोंडाशी लावी. तो कडूपणा म्हणजे बुरशी, कीटक आणि चरणारी जनावरे यांच्याविरुद्ध झाडाने केलेला बंदोबस्त होय, हे पुष्कळ पुढे उमगले. अशा नत्रयुक्त, बहुधा कडू द्रव्यांस पुस्तकांत अल्कलाभ म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र सारे अल्कलॉइडच म्हणतात.

त्यांत एक जुना दाखला आहे तो कुड्याचा. पावसाच्या तोंडावर ज्याच्या फुलांची भाजी आमच्याकडे होते आणि ज्याचे पाळ उगाळून आंव झालेल्यास देतात, त्या या झाडाचे गुण शेजारच्या गोव्यात 1563 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ताने वर्णिले, असे अभ्यासक मानतात. पुढे 1858 मध्ये मुंबईच्या हेन्सने सालीतून जो अल्कलाभ वेगळा काढला, तो कोनेसीन. आमांशाच्या अमिबावर त्याचा मारा चालतोच, परंतु मौज पुढेच आहे: स्यूडोमोनस नावाचा हट्टी जंतू आत शिरलेले प्रतिजैविक ज्या पंपाने बाहेर फेकून देतो, तो पंपच कोनेसीन अडवते, आणि निष्प्रभ ठरलेले औषध पुन्हा लागू पडते, असे प्रयोगशाळेत दिसून आले. आजीच्या मिरीतले पिपेरीनही स्टॅफिलोकोकसच्या पंपावर असाच अंमल गाजवते. शिवाय क्षयावरील रिफाम्पिसिनचे 450 मिलिग्रॅमचे काम 200 मध्ये भागावे म्हणून 10 मिलिग्रॅम पिपेरीन घातलेली गोळी 2009 मध्ये आपल्याकडे बाजारात आली.

ऑक्सिडीकरणरोधी गुणांची कैफियत एवढी भक्कम नाही. हे गुण जोखण्यासाठी वापरतात त्या डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडताच रंग पिवळा होतो आणि प्रबंध सिद्ध होतो. पण सालीच्या कच्च्या अर्कात फिनॉल द्रव्येही भरपूर असतात, तेव्हा त्या रंगबदलाचे श्रेय अल्कलाभांच्या खाती बिनदिक्कत जमा करणे मला मंजूर नाही. परीक्षानळीत जे घडते ते रक्तातही घडतेच, असे तर मुळीच नव्हे.

आणि मात्रेचा प्रश्न उरतोच. सातवीण वाढते त्याच रानात काजऱ्याचे झाडही वाढते. त्याच्या अल्कलाभांपैकी स्ट्रिक्नीन शंभरेक मिलिग्रॅममध्ये धडधाकट माणसाचा निकाल लावते, आणि पहाटेच्या काळोखात साल ती सालच दिसते. म्हणून साल आणणारा गडी खळ्यात आला की आजी आधी विचारी, “चीक इलो काय रे?” सातविणीला पांढरा चीक येतो, काजऱ्याला येत नाही. गडी बोट पुढे करी. त्यावर वाळलेला पांढरा डाग दिसला, की मगच ती पाटा धुवायला घेई.