शाळेच्या समितीत आपले आई-बाप बसले पाहिजेत

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो, पण सुभेदार रामजींची आठवण कमीच निघते. मुलाला शाळेत घालून ते मोकळे झाले नाहीत. घरी त्याच्या अभ्यासाकडे स्वतः लक्ष देत राहिले.

आज आपल्या वस्तीतले अनेक पालक शाळेत दोनदाच जातात, प्रवेशाला आणि निकालाला. "आम्ही शिकलेलो नाही, गुरुजींपुढे काय बोलणार?" असे आई म्हणते. पण बोलण्याचा हक्क तिला कायद्याने दिला आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कुठे खर्च झाले ते पाहणे ही या समितीची कामे आहेत. त्यासाठी पदवी लागत नाही.

समितीत नसलेले पालकही हातभार लावू शकतात. पोषण आहार शिजतो तिथे डोकावावे. पाणी आणि स्वच्छतागृह पाहावे. गळालेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याला परत आणावे. गवंडीकाम, शिवणकाम, शेती जे येते ते मुलांना दाखवावे. ज्या मुलाची आई वर्गात येऊन गेली आहे, त्याला मागे बसवताना किंवा त्याच्याच हाती झाडू देताना कोणीही विचार करील.

खरी अडचण रोजंदारीची आहे. सभेला गेले की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, असा अर्ज मुख्याध्यापकांना सर्वांच्या सह्यांनिशी द्यावा.

तरुण मित्रांनो, हे काम आपले आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढू. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे, सभा कधी होते, याची माहिती घेऊ. निवड होईल तेव्हा दोन आया आणि एक बाप उभे करू, आणि पहिल्या सभेला त्यांच्यासोबत शाळेच्या दारापर्यंत जाऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!