दुखणे थांबले, पण स्नायू सिद्ध झाला का?

व्यावसायिक फुटबॉलपटूंना वारंवार सतावणारी दुखापत म्हणजे मांडीच्या मागील स्नायूंची, अर्थात हॅमस्ट्रिंगची. स्वीडनचे डॉ. यान एक्स्ट्रांड २००१ पासून युरोपातील अग्रगण्य क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवीत आले आहेत. त्यांच्या अहवालानुसार एकूण दुखापतींतील तिचा वाटा २००१-०२ मधील १२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. सुमारे १८ टक्के दुखापती पुन्हा उद्भवलेल्या होत्या. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक, खेळाडू मैदानावर परतल्यावर दोन महिन्यांच्या आतच! उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा दिमतीला असताना ही स्थिती आहे.

कारण शरीररचनेत आहे. वेगाने धावताना पाय पुढे झेपावतो, तेव्हा गुडघ्याखालच्या भागाचा वेग आवरण्याचे काम हे स्नायू करतात. लांबत असतानाच त्यांना जोर लावावा लागतो आणि बहुधा याच क्षणी ते फाटतात. विश्रांतीने वेदना शमते. लांबलेल्या अवस्थेतील ताकद मात्र विश्रांतीने परत येत नाही. वेदना नाही म्हणून खेळाडूस उतरविणे, हीच पुनरावृत्तीची वाट.

उपाय बिनखर्चाचा आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, साथीदाराने घोटे घट्ट धरावेत आणि धड सरळ ठेवून शक्य तितके सावकाश पुढे झुकत जावे. डेन्मार्कमध्ये ९४२ खेळाडूंवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या ‘नॉर्डिक’ व्यायामाने नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी, तर पुन्हा होणाऱ्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. तरीही मोठे क्लबसुद्धा तो नेमाने करीत नाहीत. सोपा उपाय माणसाला भारदस्त वाटत नसावा! त्याच्या जोडीला धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा, आणि पूर्ण वेगाने निर्वेध धावता आल्यावरच सामना खेळू द्यावा.

व्यावसायिक खेळाडूही आधी शाळकरी मुलगाच असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला, तो याच वाढत्या वयात. या वयात हाडांची वाढ झपाट्याने होते, स्नायू मागे पडून ताठर होतात. म्हणून रामाकोना-सौंसर परिसरातील पालकांना व वैद्यकबंधूंना एक विनंती. बारा ते सतरा वर्षांच्या मुलाला धावताना नितंबाखाली एकाएकी तीव्र कळ आली, तर ‘शीर भरली’ म्हणून चोळू वा ताणू नये. या वयात स्नायूऐवजी तो जेथे जोडलेला असतो त्या बैठकीच्या हाडाचा अपक्व तुकडाच निखळू शकतो. आधी क्ष-किरण तपासणी करावी.