विश्लेषण : अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिला ‘रिलॅक्सर’ का सोडत आहेत? नैसर्गिक केसांपर्यंतची वाट इतकी लांब का?

दर सहा ते आठ आठवड्यांनी मुळांना लावायचे पांढरे क्रीम, टाळूची जळजळ आणि मग सरळ, सुळसुळीत केस. अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांच्या कित्येक पिढ्यांचे हे ठरलेले वेळापत्रक होते. अनेकींच्या डोक्याला हे क्रीम शाळेत जाण्याच्या वयातच लागले आणि आपले मूळचे केस दिसतात कसे, हेच त्यांना मोठेपणी ठाऊक नव्हते. गेल्या दोन दशकांत मात्र लाखो महिलांनी हे क्रीम बंद केले. गर्भाशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवणाऱ्या संशोधनानंतर या निर्णयाला आणखी एक गंभीर कारण मिळाले. पण रिलॅक्सर सोडणे म्हणजे शाम्पू बदलणे नव्हे.

रिलॅक्सर केसांचे नेमके काय करतो?

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. त्या जशा जखडल्या जातात, तसा केसाचा आकार टिकतो. रिलॅक्सरमधील तीव्र अल्कली नेमके हेच बंध तोडते. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असते. तुंबलेले नळ मोकळे करण्याच्या पावडरीत असते तेच. त्याचा सामू १२ ते १४ इतका असतो. ‘नो-लाय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड नसते, पण दोन घटक एकत्र करून ग्वानिडिन हायड्रॉक्साइड तयार होते. तेही तीव्र अल्कलीच. त्यामुळे ‘नो-लाय’ म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे.

विनोदी अभिनेते ख्रिस रॉक यांच्या ‘गुड हेअर’ या २००९ च्या माहितीपटात शीतपेयाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळताना दाखवला आहे. तो पाहिल्यावर टाळूची जळजळ का होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. याच माहितीपटात रॉक भारतातही येतात. मंदिरांत भाविकांनी अर्पण केलेले केस अमेरिकेत कृत्रिम केशरचनेसाठी कसे पोहोचतात, याचा माग ते घेतात.

आपल्याकडील पार्लरमध्ये होणारे रिबाँडिंग ही वेगळी प्रक्रिया आहे. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट वापरतात आणि तोडलेले बंध न्यूट्रलायझरने नव्या आकारात पुन्हा जोडतात. रिलॅक्सरमध्ये तुटलेला बंध पुन्हा जुळत नाही, त्याचे रूपच पालटते. एका प्रक्रियेतून गेलेल्या केसांवर दुसरी केली, तर ते अक्षरशः तुटून हातात येऊ शकतात. दोन्हींत एक गोष्ट मात्र समान आहे: एकदा सरळ केलेला केस कोणत्याही तेलाने वा मास्कने पूर्ववत होत नाही. त्वचेबाहेर आलेला केस हा जिवंत भाग नसतोच. नैसर्गिक केस हवे असतील तर ते मुळातून नव्याने वाढू द्यावे लागतात.

या सवयीची मुळे कुठे?

गुलामगिरीच्या काळापासून सरळ केसांना ‘चांगले’ आणि गुंडाळ्यांच्या केसांना ‘वाईट’ ठरवले गेले. गुलामगिरी संपली तरी नोकरी आणि प्रतिष्ठेच्या दारात हाच निकष उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडमधील कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन यांनी केस सरळ करणारे क्रीम बाजारात आणले. शिवणयंत्राच्या सुईसाठी द्रावण शोधताना ते त्यांना सापडल्याचे सांगितले जाते. वाहतूक सिग्नलचे १९२३ चे पेटंट घेणारे मॉर्गन ते हेच. त्याच काळात मॅडम सी. जे. वॉकर यांनी कृष्णवर्णीय महिलांच्या केसांच्या उत्पादनांवर मोठा उद्योग उभारला आणि हजारो महिलांना विक्रीचे काम दिले. म्हणजे हा बाजार केवळ बाहेरून लादलेला नव्हता. त्यातून कृष्णवर्णीयांच्या हाती पैसा आणि स्वातंत्र्यही आले. हा गुंता लक्षात न घेता रिलॅक्सर वापरणाऱ्यांना न्यूनगंडाचे बळी ठरवणे अन्यायाचे होईल.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ चळवळीने अ‍ॅफ्रो केशरचनेला राजकीय अर्थ दिला. ती लाट ओसरली आणि रिलॅक्सर परतला. दुसरी लाट २००० नंतरची. या वेळी व्यासपीठावरच्या नेत्यांऐवजी यूट्यूबवर स्वतःच्या केसांची महिनोन्महिने नोंद ठेवणाऱ्या सामान्य महिलांनी ती आणली.

कर्करोगाचा संबंध किती पक्का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण आरोग्य विज्ञान संस्थेचा ‘सिस्टर स्टडी’ या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यातील ३३,४९७ महिलांचा सुमारे ११ वर्षे पाठपुरावा झाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध निष्कर्षांनुसार, केस सरळ करणारी रसायने कधीच न वापरणाऱ्या महिलांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के होते. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापर करणाऱ्यांत ते ४.०५ टक्के.

धोका दुपटीहून अधिक, हे खरे. मूळ प्रमाण कमी आहे, हेही खरे. या अभ्यासातील प्रत्येक सहभागी महिलेच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला होता आणि कोणत्या कंपनीचे उत्पादन वापरले, याची नोंद नव्हती. त्यामुळे हा संबंध दिसला आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. धोका वंशानुसार वेगळा आढळला नाही. मात्र वर्षभरात ही रसायने वापरल्याचे सांगणाऱ्यांत सुमारे ६० टक्के महिला कृष्णवर्णीय होत्या, त्यामुळे भारही त्यांच्यावरच अधिक. या निष्कर्षांनंतर उत्पादकांविरुद्ध खटल्यांची रीघ लागली आणि २०२३ मध्ये ते शिकागोच्या संघीय न्यायालयात एकत्र करण्यात आले. केस सरळ करणाऱ्या उत्पादनांत फॉर्मल्डिहाइडवर बंदी घालण्याचा प्रस्ताव अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी आपल्या कार्यसूचीवर घेतला. पण नियोजित तारखा उलटून गेल्या.

‘बिग चॉप’ की हळूहळू?

मार्ग दोन. पहिला ‘बिग चॉप’: रसायन लागलेला सगळा भाग एकदम कापायचा आणि बोटभर केसांवर राहायचे. केसांच्या दृष्टीने हा सर्वात सोपा उपाय, मनाच्या दृष्टीने सर्वात अवघड. लांब केसांना बाईपणाची खूण मानणाऱ्या समाजात कात्री चालवणे किती जड जाते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा मार्ग संयमाचा. रिलॅक्सर थांबवायचा, मुळाशी नवे केस वाढू द्यायचे आणि सरळ शेंडे थोडे थोडे छाटत राहायचे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. आफ्रिकी वंशाच्या केसांचा वेग सरासरीने थोडा कमीच. खांद्यापर्यंतचे केस याप्रकारे बदलायला दोन वर्षे सहज लागतात.

या काळात एकाच केसाला दोन पोत असतात: मुळाशी घट्ट गुंडाळी, टोकाला निर्जीव सरळपणा. ते जिथे भेटतात तो सांधा सर्वात कमकुवत असतो आणि घाईघाईने कंगवा फिरवला की तिथेच केस तुटतो. म्हणून कोरडे केस विंचरायचे नाहीत. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, शेंड्यांकडून मुळांकडे सरकत गुंता सोडवायचा. उष्ण इस्त्री शक्यतो टाळायची, कारण नव्या केसांची गुंडाळीही तिने बिघडू शकते. दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून ओल्या केसांच्या दोन-दोन बटांचे पीळ घालून ते वाळल्यावर सोडतात.

नव्या केसांची गरजही वेगळी असते. टाळूतून स्रवणारे तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत उतरते. गुंडाळीच्या प्रत्येक वळणावर ते अडते. त्यामुळे टाळू तेलकट असली तरी शेंडे कोरडेच राहतात. रोज शाम्पू इथे उपयोगाचा नाही. आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा सौम्य शाम्पू पुरतो. त्यानंतर पाण्याचा अंश असलेले क्रीम आणि तो ओलावा टिकवण्यासाठी वर तेल. नुसते तेल थापल्याने ओलावा येत नाही, ही चूक सर्रास होते. रात्री सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासतो, म्हणून सॅटिनची टोपी. वाळल्यावर केस आक्रसून निम्म्या लांबीचे दिसू शकतात. वाढ थांबली असे वाटून अनेकजणी इथेच हिंमत हरतात. प्रत्यक्षात बट ओढून पाहिली की लांबी कळते.

बारीक वेण्यांमुळे केसांची रोजची हाताळणी वाचते, पण त्या ताणून घातल्या तर कपाळाजवळचे केस गळू लागतात. वेणी घालताना दुखत असेल तर ती सैल करायला सांगावे, हाच त्यावरचा नियम. टाळूच्या मध्यावर केस विरळ होत असतील तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हवे. व्रण उरणाऱ्या केसगळतीत गेलेले केस परत येत नाहीत.

नोकरी आणि शाळेचे काय?

आपण व्हाइट हाऊसमध्ये असताना अमेरिका आपल्या नैसर्गिक केसांसाठी तयार नव्हती, अशा अर्थाचे विधान मिशेल ओबामा यांनी २०२२ मध्ये केले होते. सामान्य नोकरदार स्त्रीसमोर हा प्रश्न पगाराचा असतो. अलाबामातील एका महिलेला ड्रेडलॉक्स कापण्यास नकार दिल्यामुळे २०१० मध्ये देऊ केलेली नोकरी नाकारण्यात आली. संघीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. वंश जन्मजात असतो, केशरचना बदलता येते, असा त्यामागचा तर्क होता.

या तर्काला उत्तर म्हणून ‘क्राऊन’ कायदा आला. वंशाशी निगडित केसांचा पोत आणि रचना यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे कॅलिफोर्निया हे २०१९ मध्ये पहिले राज्य ठरले. त्यानंतर २० हून अधिक राज्यांनी असे कायदे केले. संघीय विधेयक मात्र प्रतिनिधीगृहात २०२२ मध्ये मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडले.

टेक्ससमध्ये हा कायदा १ सप्टेंबर २०२३ रोजी लागू झाला. त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने ड्रेडलॉक्स ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर कारवाई केली आणि तो कित्येक महिने वर्गाबाहेर राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेचा नियम वैध ठरवला. कायद्यात केसांच्या पोताचा आणि रचनेचा उल्लेख आहे, लांबीचा नाही.