आधी ऐकायला शिका!

माझ्या लेकीला गिटार हवी होती. नववीत गेली आणि तिने हट्टच धरला. आमच्या घराण्यात गाण्याची परंपरा म्हणजे सासूबाईंच्या ओव्या आणि गणपतीतल्या आरत्या, एवढीच! "दहावी तोंडावर आली आणि हे काय नवीन खूळ?" असं ह्यांनी एकदा म्हणून पाहिलं. पण लेकीपुढे बापाचं कधी चाललंय? बेताच्या किमतीची एक गिटार घरी आली आणि क्लासची शोधाशोध सुरू झाली.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. घरापासून दोन चौक पलीकडे, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावरच्या खोलीत एक सर गिटार शिकवतात असं कळलं. साठी ओलांडलेले, सडपातळ, मोजकं बोलणारे. पेपरात नाव आलेलं त्यांना मुळीच आवडणार नाही, म्हणून मी नुसतं 'सर'च म्हणते. मी अप्पर इंदिरानगरच्या वस्तीत बायकांसाठी काम करते. संध्याकाळी तिकडून परतताना लेकीला क्लासमधून घ्यायचं, असं ठरलं. त्यामुळे शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मी दाराजवळच्या स्टुलावर बसलेली असायची.

पहिल्या दिवशी गेले तर लेकीची गिटार पिशवीतच! मुलं डोळे मिटून बसलेली. सर म्हणाले, "किती आवाज ऐकू येतात ते मोजा." बाहेर मार्केट यार्डाकडे जाणारे टेम्पो, अप्परची बस, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज. लेकीने सात मोजले. सर म्हणाले, "पंख्याचा राहिला. तो सगळ्यात जवळचा, म्हणून राहिला."

मी घरी येऊन कुरकुरले. महिन्याची फी भरायची आणि पोरीनं नुसतं बसून पंखा ऐकायचा?

पुढचा आठवडा तारा जुळवण्यात गेला. हल्ली मोबाईलमध्ये त्याचीही सोय आहे. तार छेडली की फोन सांगतो, बरोबर की चूक. सरांनी पहिले तीन महिने फोनला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांची रीत जुनी. सगळ्यात जाड तारेवर पाचव्या पडद्यावर बोट ठेवायचं, ती छेडायची, आणि लगेच तिच्या शेजारची मोकळी तार छेडायची. दोन्ही आवाज एक झाले पाहिजेत. मग पुढची तार, मग त्यापुढची. फक्त एका ठिकाणी पाचव्याऐवजी चौथा पडदा. अशा सहा तारा.

आता गंमत अशी, की दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या जुळल्या नाहीत, तर आवाजात एक लाट येते. वांव-वांव-वांव अशी. दोन आवाजांच्या कंपनांत दर सेकंदाला जेवढा फरक, तेवढ्या लाटा. फरक कमी होत गेला की लाट मंदावते आणि तारा जुळल्या की विरून जाते. लेकीला आठवडाभर ती ऐकू येईना. रडवेली व्हायची. सर म्हणायचे, "तू तार जुळवायला बघतेस. आधी नुसती लाट ऐक." आणि एका संध्याकाळी स्टुलावर बसल्या बसल्या मलाच ती ऐकू आली की! चाळिशी उलटलेल्या, सारेगमसुद्धा धड न येणाऱ्या बाईला! ती हळूहळू शांत झाली तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगते.

मग मी सरांकडे जरा नीट पाहायला लागले. मूल वाजवायला लागलं की सर आपली गिटार बाजूला ठेवतात, डोळे मिटतात, आणि वाजवणं संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. मधे चूक झाली तरी थांबवत नाहीत. संपल्यावरही लगेच बोलत नाहीत. मग एखादंच वाक्य. "दुसऱ्या ओळीत घाई का झाली?" बस्स.

एकदा माझ्या लेकीने बरं वाजवलं. निदान मला तसं वाटलं. सर म्हणाले, "आज कशाला घाबरलीयेस?" लेक गप्प. मग डोळ्यांत पाणी. चाचणीत गणितात नापास झाली होती आणि चार दिवस ते आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. चार दिवस माझ्यासमोर जेवत होती, बोलत होती, मला काही कळलं नाही. आणि या माणसाला तिच्या बोटांतून कळलं!

मैत्रिणींनो, आईच्या काळजाला हे लागतं. घरी येताना मी लेकीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू विचारतेस आई, पण मी बोलायच्या आधीच उत्तर देतेस."

काय बोलणार यावर!

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "हे असं ऐकायला कुठे शिकलात?" त्यांनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवर काब्रांनी आपले राग आणले. काब्रांचे गुरू सरोदवादक अली अकबर खाँ. "आणि त्या अली अकबर खाँसाहेबांची धाकटी बहीण अन्नपूर्णादेवी," सर म्हणाले. "मी काही त्यांचा शिष्य नव्हे. माझी तेवढी लायकी नाही. पण त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. शिकवायचं कसं ते तिथून घेतलं."

मी कला शाखेची, वाचायची सवय आहे. त्या आठवड्यात मीही वाचून काढलं. ते वाचून जे वाटलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

अन्नपूर्णादेवींचा जन्म १९२७ चा, मैहरचा. वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. थोरल्या मुलीला त्यांनी गाणं शिकवलं होतं, पण सासरी तिचा तंबोरा जाळला गेला. धास्तावलेल्या बापाने धाकटीला संगीत शिकवायचंच नाही असं ठरवलं. भाऊ आत शिकायचा, ही बाहेर खेळायची. खेळता खेळता कान मात्र आत. एक दिवस वडील बाजारात गेले असताना भाऊ रियाजात चुकला. ही बाहेरूनच म्हणाली, बाबांनी असं नाही, असं शिकवलंय. आणि गाऊन दाखवू लागली. इतकी रंगली, की वडील परत येऊन मागे उभे आहेत हेही तिला कळलं नाही. आता मार बसणार असं तिला वाटलं. वडिलांनी तिला आत बोलावून शिकवायला सुरुवात केली. आधी गळा, मग सतार, पुढे सुरबहार.

आपल्याकडच्या मोगूबाई कुर्डीकरांची गोष्टही अशीच. उपचारांसाठी सांगलीत मुक्कामाला असलेले एक वयस्क गृहस्थ त्यांचा रियाज रोज येऊन ऐकत बसायचे. मग स्वतः होऊन म्हणाले, मी शिकवतो. ते उस्ताद अल्लादिया खाँ होते! पुढे मोगूबाई आपल्या लेकीला, किशोरीताईंना शिकवायच्या तेव्हा बंदिशीची ओळ दोनदा गायच्या, तिसऱ्यांदा नाही. किशोरीताईंनीच हे मुलाखतीत सांगितलंय. दोनदात कानात साठवायची. म्हणजे बघा, गुरूनेही आधी ऐकलं आणि शिष्यालाही आधी ऐकायलाच लावलं.

अन्नपूर्णादेवींचं लग्न १९४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, पंडित रविशंकर यांच्याशी झालं. संसार टिकला नाही. १९५० च्या दशकात त्यांनी मैफली करणं सोडलं ते कायमचंच. ध्वनिमुद्रिकाही काढल्या नाहीत. मुंबईत वॉर्डन रोडच्या 'आकाशगंगा' इमारतीतल्या घरात त्या राहायच्या. घंटी तीनदाच वाजवा, दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून जा, अशी दारावर पाटी. १९७७ मध्ये पद्मभूषण मिळालं तरी त्या व्यासपीठावर फिरकल्या नाहीत. बीटल्सचा जगप्रसिद्ध गिटारवादक जॉर्ज हॅरिसन भारतात आला असताना, इंदिरा गांधींच्या शब्दाखातर त्याला त्यांचा रोजचा रियाज चालू असताना तिथे बसायची परवानगी मिळाली, अशी हकिकत सांगतात. स्टेडियम भरवणारा माणूस, तोही त्या खोलीत नुसता ऐकत बसला!

पण त्या शिकवत राहिल्या. कुणाला सरोद, कुणाला सतार, कुणाला बासरी. शिकवायच्या बहुधा गाऊनच. समोर वाद्य कुठलंही असो, सूर त्यांच्या गळ्यातून शिष्याच्या कानात आणि कानातून हातात. सिनेसंगीतात नाव झालेले हरिप्रसाद चौरसिया शिकवा म्हणून आले, तर कितीतरी वेळा परत पाठवलं. शेवटी, आधीचं सगळं विसरून पहिल्यापासून शिकायला तयार आहे हे दाखवायला त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीकडची बासरी डावीकडे! १३ ऑक्टोबर २०१८ ला, ९१ व्या वर्षी अन्नपूर्णादेवी गेल्या. त्यांचं वादन फार थोड्यांनी ऐकलं. पण त्यांनी ज्यांचं ऐकलं, त्यांचं वाजवणं सगळ्या जगाने ऐकलं.

हे सगळं वाचताना मला राहून राहून एक बाई आठवत होती. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वस्तीतली एक तरणी बाई माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, शिवणाच्या क्लासचं विचारायचं होतं." मी लगेच फॉर्म काढला. वेळ सांगितली, कागदपत्रं सांगितली, स्वतःच्या पायावर उभं राहणं का गरजेचं आहे, यावर दहा मिनिटं बोलले. माझं ते भाषण पाठच आहे. ती मधूनमधून "हो ताई" म्हणत होती. पदर सारखा मानेवर ओढत होती. उठताना दारात जरा थांबली. मी विचारलं, "अजून काही?" आणि ती काही बोलायच्या आत म्हटलं, "फोटो दोन आण हं." ती "बरं ताई" म्हणून गेली.

आठ दिवसांनी तिच्या शेजारणीकडून कळलं. नवऱ्याने बेदम मारलं होतं, रात्रीतून दोन लेकरं घेऊन ती माहेरी निघून गेली. त्या दिवशी ती शिवणाचं विचारायला आलीच नव्हती. पंधरा वर्षं हे काम करतेय मी. मला वाटायचं, बायकांचं दुःख मला कळतं. पण मला फक्त माझी उत्तरं पाठ होती. सर पंख्याबद्दल काय म्हणाले होते, ते तेव्हा नीट उमगलं.

त्यानंतर मी माझ्यापुरते दोन नियम केले. बाई समोर बसली की पेन खाली ठेवायचं. आणि ती थांबली की मनातल्या मनात दहा अंक मोजून मगच बोलायचं. सांगायला सोपं आहे, करून बघा! पहिल्या वेळी मी चारपर्यंत जेमतेम पोचले. जीभ नुसती वळवळत होती. पण आठ-नऊपर्यंत गेलं की बरेचदा समोरची बाईच पुन्हा बोलायला लागते. आणि जे बोलायला ती आलेली असते, ते तेव्हा बोलते.

दिवाळीनंतर ती बाई परत आली. माहेरी भावजयीच्या घरात किती दिवस राहणार? या वेळी मी फॉर्म काढला नाही. दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि बसले. पाऊण तास ती बोलत होती, मधे बराच वेळ नुसती रडत होती. शेवटी तिनेच विचारलं, "पोलिसात गेले तर तुम्ही संगं याल का?" माझा सल्ला तिला नकोच होता. सोबत हवी होती. आम्ही दोघी गेलो. तिचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अजून तारखा चालू आहेत, नवऱ्याच्या धमक्याही चालू आहेत. पण परवा ती येऊन गेली, शिवणाच्या क्लासचे दोन फोटो घेऊन.

आपण बायका दिवसभर किती ऐकतो! दूधवाला, सासूबाई, टीव्ही, शाळेची बस, नवऱ्याचा ऑफिसातला वैताग. कान कधी रिकामे नसतात. म्हणूनच कदाचित जवळच्या माणसाचं ऐकायचं राहून जातं. आपलं कुणी ऐकत नाही ही आपली तक्रार खरीच आहे. पण आपण तरी शेवटचं कुणाचं पूर्ण ऐकलं, मधे न बोलता, ते आठवून बघा. मला पटकन आठवलं नाही.

लेकीच्या वाजवण्याचं म्हणाल तर अजून दोनच गाणी येतात, तीही अडखळत. पण रोज संध्याकाळी ती गॅलरीत बसून तारा जुळवते. मी भाजी निवडत शेजारी असते. ती कधी शाळेतलं काही सांगते, कधी नुसती खुंट्या पिळत बसते. मी दहा अंक मोजते. परवा सासूबाई आतून म्हणाल्या, "गं, अजून हलतोय आवाज." सरांकडे कधीही न गेलेल्या, सत्तर पार केलेल्या सासूबाई! लेकीने खुंटी किंचित पिळली, पुन्हा तार छेडली आणि आम्ही तिघी ऐकत राहिलो.

"आता बसला," सासूबाई म्हणाल्या.