संयोगचिन्ह कोणी द्यावे?

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसालाही ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न चुकत नाही. ‘मराठी-छत्तीसगडी’ असे जोडउत्तर दिले, तर काहींना त्यात विभागलेली निष्ठा दिसते. ही शंका जुनीच आहे. संयोगचिन्हाने जोडलेल्या अमेरिकनांना देशात जागा नाही, असे थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१५ साली न्यूयॉर्कमधील भाषणात बजावले होते.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ही शंका टिकणारी वाटत नाही. छत्तीसगडात मराठी सत्तेबरोबर आली, हे मान्य केलेच पाहिजे. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले तेथून कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, भाषा राहिली. याच प्रदेशात माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२४ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषविले. मराठी मातृभाषा सोडून नव्हे, तर तिच्याच बळावर त्यांनी हिंदीची सेवा केली.

मात्र सर्व जोडओळखी एका मापाने मोजता येत नाहीत. १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन-अमेरिकन’ या नावाचा पुरस्कार केला, तेव्हा रंगावरून पडलेल्या नावाऐवजी वारशावरून घेतलेले नाव हवे, असा तो आग्रह होता. ब्राह्मणपाऱ्यातील मराठी माणसाची ओळख बहुधा जिव्हाळ्याची असते. बस्तरच्या आदिवासीची ओळख त्याच्या घटनात्मक हक्काचा आधार असते. ‘आपण सारे भारतीय, मग वेगळी नोंद कशाला?’ हे वाक्य पहिल्याला फारसे महागात पडत नाही. दुसऱ्याचा मात्र हक्कच त्यात पुसला जाऊ शकतो.

म्हणून शासनासमोरचा खरा प्रश्न संयोगचिन्ह असावे की नसावे हा नाही, ते कोणी द्यावे हा आहे. संविधानाचा अनुच्छेद २९ आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो; त्यासाठी भारतीयत्वाचा वेगळा पुरावा मागत नाही. जनगणनेत मातृभाषा एकच लिहिली जाते, पण अवगत असलेल्या आणखी दोन भाषांची नोंद होते. या रकाने भरणाऱ्या कर्मचाऱ्याने आडनाव पाहून तर्क करू नये. नागरिक सांगेल तेच लिहावे. स्वतः घेतलेले संयोगचिन्ह माणसाला दोन समाजांशी जोडते. दुसऱ्याने लादलेले त्याला परका ठरवते.