हृदयाचा कासरा आणि क्षणजीवी वायू

कोकणच्या काळ्या कातळात विहीर उतरवायची तर सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेल्यांना सांगावयास नको. परंतु सुरुंगाच्या दारूचा आणि छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवावयाच्या गोळीचा जवळचा संबंध आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आम्ही इतिहासाचे अभ्यासक. म्हणून प्रथम इतिहासच सांगतो.

नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक द्रव्य अस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये तयार केले. आल्फ्रेड नोबेल यांनी १८६७ मध्ये त्यापासून डायनामाइट सिद्ध केले. पुढे १८७९ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी याच द्रव्याचा अत्यल्प अंश हृदयशूळावर गुणकारी ठरतो, असे प्रसिद्ध केले. उतारवयात खुद्द नोबेल यांनाही डॉक्टरांनी हेच औषध सुचविले होते. गुण येत होता. कारण मात्र शंभर वर्षे उमगले नव्हते. ते उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये, म्हणजे कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली त्याच वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

ते कारण म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. रक्तवाहिनीचे आतील अस्तर तो स्वतःच निर्माण करते. तो जेमतेम काही क्षण टिकतो. पण तेवढ्यात वाहिनीच्या स्नायूंना सैल करून रक्ताची वाट रुंद करतो. जिभेखालची गोळी शरीराला हाच वायू पुरविते.

हाच वायू हृदयाच्या चेतांवरही परिणाम करतो. गाडीवानाच्या एका हाती चाबूक आणि दुसऱ्या हाती कासरा असावा, तशा हृदयावर दोन प्रकारच्या चेता काम करतात. अनुकंपी चेता नॉरअ‍ॅड्रेनलीन सोडून ठोके वाढवितात. व्हेगस ही चेता अ‍ॅसिटिलकोलीन सोडून ते आवरते. दोन्हींपासून मोकळे झालेले हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीच्या वेळी आपली नाडी ७०च्या आसपास असते, ती कासरा ताणलेला असतो म्हणून. मनगटावर बोट ठेवून सावकाश श्वास सोडावा. ठोके किंचित संथ होतात. आनापानाला बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हा व्हेगसचा प्रभाव स्वतः पडताळता येईल.

प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दिसून आले, की व्हेगसच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड अ‍ॅसिटिलकोलीनचा स्राव वाढवितो, तर अनुकंपी चेतांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलीनचा स्राव घटवितो. म्हणजे तो कासऱ्याला बळ देतो आणि चाबकाला आवर घालतो. उच्च रक्तदाबाच्या उंदरांमध्ये अनुकंपी चेतांवरील हा आवर दुबळा झालेला आढळला.

हे आपल्या घरांशी निगडित आहे. विडी-सिगारेटचा धूर रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइड घटवितो. तंबाखू आणि मिश्रीतील निकोटीन अनुकंपी चेतांना चेतवितो. एकीकडे कासरा ढिला, दुसरीकडे चाबूक चालू! रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. म्हणून तो मोजून घ्यावा आणि सुरू केलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये. माठ, पालक, मुळा यांतील नायट्रेटपासूनही शरीर हा वायू बनविते. त्या भाज्या आहारात अवश्य असाव्यात, परंतु त्या औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

छातीत कळ आली की ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबणे, किंवा अंगारा लावून रात्र काढणे, यांत मोलाचे तास जातात. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोळी जवळ नसेल तर तेवढीही वाट पाहू नये.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, शाळेत असताना आपण प्रत्येक गोष्टीचे कारण विचारावयास शिकलात. आता चाळिशी-पन्नाशीत आपल्या आणि आई-वडिलांच्या हृदयाविषयीही तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर दवाखान्यात जाऊन घ्यावे, एवढीच आमची विनंती.